सात वळणं

एका जंगलात सागाच्या जुन्या बुंध्याखाली मुंग्यांचं वारूळ होतं, आणि त्यात एक मुंगी राहत असे, जिला सात वळणं काही केल्या पाठ होत नसत. वारुळापासून नाचणीच्या शेतापर्यंतच्या वाटेवर सात दगड होते आणि प्रत्येक दगडापाशी एक वळण. ही वळणं एका दमात म्हणून दाखवली, तरच दाणे आणायच्या रांगेत जागा मिळायची. कुणी केला होता हा नियम, देव जाणे! आपली मुंगी तिसऱ्या वळणापर्यंत यायची आणि अडखळायची. डावं कुठलं, उजवं कुठलं, सगळा गोंधळ. "डोकं आहे की खोकं?" मुकादम मुंगी विचारायची आणि रांग फिदीफिदी हसायची. मुलांनो, तिला एवढंच हवं होतं, की आपण आणलेला एक तरी दाणा कोठारात पडावा.

वारुळात एक लंगडी म्हातारी मुंगी होती. ती म्हणाली, "अगं, ते म्हणायचं राहू दे. चल माझ्याबरोबर." वीस दिवस दोघी चालल्या. म्हातारी एकदाही रागावली नाही. माती कुठे गार लागते, खडे कुठे टोचतात, चढ कुठे लागतो, हे मुंगी पायांनी शिकली. एकविसाव्या दिवशी ती एकटी गेली आणि चक्क दाणा घेऊन आली! मुकादम मुंगीने दाण्याकडे पाहिलंही नाही. "आधी वळणं म्हण."

"पहिलं... शेवाळलेला दगड, मग... मग..."

"बस! तुला जमायचं नाही. जा, कचरा काढ." तिचा दाणा दुसऱ्याच मुंगीने उचलून कोठारात नेला. म्हातारी खूप भांडली, पण ऐकतंय कोण? त्या थंडीत म्हातारीही गेली. मुकादम मुंगी मात्र येता-जाता रोज तेच ऐकवायची. मग कचरा काढता काढता मुंगी स्वतःशीच पुटपुटू लागली, "मला जमायचं नाही."

पुढच्या वर्षी रानडुकरांनी वाटेवरचे दगड उधळून टाकले. माती तीच होती, चढ तोच होता, पण पाठ म्हणणाऱ्या मुंग्या दगड शोधत भरकटल्या. काही तर परतल्याच नाहीत. कोठारात खडखडाट झाला, पिल्लं भुकेने निपचित पडली. तेव्हा मुकादम मुंगीला हिची आठवण झाली! ती धावत आली. "बाई गं, तुला वाट ठाऊक आहे ना? तू पुढे हो. काही म्हणून दाखवू नकोस."

मुंगी वारुळाच्या तोंडाशी आली. पायांना गार माती लागली आणि पाय आपोआप बरोबर दिशेला वळलेसुद्धा. पण तिने ते मागे घेतले. "मला नाही जमायचं," ती म्हणाली. ती रुसली नव्हती, की सूड उगवत नव्हती. तिला ते खरंच वाटत होतं. मुकादम मुंगीने परोपरीने विनवलं, पण रोज ऐकवलेलं एका सकाळी कसं पुसलं जाणार? त्या आठवड्यात वारुळातली निम्मी पिल्लं गेली. त्यांना उचलून बाहेर टाकायचं काम तिच्याच वाट्याला आलं. ते तिने मुकाट्याने केलं.

तात्पर्य : कुणाची शिकायची रीत वेगळी असली, तर त्याला 'तुला जमायचं नाही' असं ऐकवत राहू नये. एकदा का त्याला ते पटलं, की मग आपण कितीही हात जोडले तरी उशीर झालेला असतो.