हुग्गीची पळी

"पळी माझ्या बायकोच्या हातात, अप्पा? आणि मी काय पत्रावळ्या उचलू?"

मल्लिनाथ मठाच्या ओसरीसमोर उभा होता. बस म्हटलं तरी बसला नव्हता.

अप्पा म्हणजे मठाचे म्हातारे स्वामी. ते गुळाची ढेप फोडत होते. एक खडा त्यांनी तोंडात टाकला.

दुसऱ्या दिवशी जात्रा होती. जात्रेला साऱ्या गावाचं जेवण मठात, आणि त्या जेवणात मान हुग्गीचा. गव्हाची, गुळाची, तुपानं माखलेली दाट खीर. तिची पळी ज्याच्या हातात, तो त्या दिवशी गावाचा यजमान. मिसरूड फुटल्यापासून मल्लिनाथ मठात राबत आला होता तो त्या पळीवर डोळा ठेवून. आणि सकाळी अप्पांनी सगळ्यांदेखत नाव घेतलं ते नीलम्माचं.

"सेवेत काही कसूर झाली माझी?"

"नाही."

"गाव जेवून उठेपर्यंत मी पाण्याचा घोट घेत नाही."

"पाहिलंय."

"गोडाला शिवत नाही. लग्नाच्या आधीपासून."

"ऐकलंय. तूच सांगतोस."

"मी वाढतो त्या पंगतीत शीत वाया जात नाही. आणि माझीच पंगत सगळ्यांच्या आधी उठते. आहे दुसऱ्या कुणाची अशी?"

यात एक अक्षर खोटं नव्हतं. मल्लिनाथ खोटं बोलणारा माणूसच नव्हता.

अप्पांनी बोटं चाटली.

"मल्लिनाथा, तुझ्या पंगतीला लोक जेवायला बसतात की परीक्षेला?"

"म्हणजे?"

"तुझ्याकडे कुणी दुसऱ्यांदा मागितल्याचं आठवतं?"

मल्लिनाथ आठवू लागला...

"पोटं भरतात त्यांची. म्हणून मागत नाहीत."

"आणि घरी?"

घरी तो ताटावर बसला की पोरं खाली मान घालून भराभर जेवत आणि उठत. नीलम्मा भात घेऊन येई, तोवर त्याचा हात ताटावर आडवा पडलेला असे. पुढं पुढं तिनं विचारणंच सोडलं.

"मी कुणाकडं काही मागत नाही, अप्पा. आईकडं भाकरी मागितली नाही कधी. ताटात पडलं ते खाल्लं. विचारा गावात कुणालाही."

"मग चल. बस."

"कुठं?"

"पंगतीत."

मागच्या मांडवात राबणाऱ्यांची पानं पडत होती. जात्रेच्या आदल्या दिवशी त्यांना हुग्गी, हा मठाचा रिवाज.

"मी गोड सोडलंय..."

"कुणी सोडायला लावलं?"

"कुणी नाही. मीच."

"मग तुलाच सांगतोय. बस."

मल्लिनाथ बसला. शेजारचे दोघं बोलता बोलता गप्प झाले. अप्पा त्याच्या समोर येऊन बसले.

नीलम्मा पदर खोचून, बादली घेऊन येत होती. तिच्यामागं नुसता गलका.

"काकू, इकडं पण बघा की!"

"आधी पानातलं संपव, मग बोंबल."

"वहिनी, तूप कुठं लपवलं?"

"तुझ्याच पोटात बघ. मगाशी दोन पळ्या गेल्यात."

मल्लिनाथच्या पानापाशी ती थबकली. तिनं अप्पांकडं पाहिलं. अप्पांनी मान हलवली. तिनं एक पळी वाढली आणि काही न बोलता पुढं गेली.

त्यानं घास घेतला.

गरम होती. दाताखाली खोबरं आलं, खसखस आली, शिजून फुटलेला गहू आला. त्यानं मान वर केलीच नाही. पान पुसून लख्ख झालं, आणि हात आपल्या सवयीनं त्यावर आडवा पडला.

अप्पांनी पुढं वाकून तो हात दोन बोटांनी उचलला. त्याच्याच गुडघ्यावर ठेवला.

"पोट भरलं?"

"भरलं."

"मठात बसून खोटं?"

मल्लिनाथच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

नीलम्मा रांगेतून परत येत होती. सगळा मांडव बघत होता. ती निघून गेली असती, तर कुणाकडं काही न मागितलेला माणूस म्हणून तो मान ताठ ठेवून उठला असता. उद्या सगळ्या गावाला पुन्हा तेच सांगता आलं असतं.

ती आली. त्याच्याकडं न बघता पुढं गेली...

"अगं..."

ती थांबली. वळली नाही.

"...आणखी थोडी वाढ."



नीलम्मा वळली. एवढ्या वर्षांच्या संसारात तिची मान अशी ताठ कुणी पाहिली नव्हती. तिनं पळी बादलीत खोल बुडवली आणि काठोकाठ भरून वर काढली.

"नीलम्मा," अप्पा म्हणाले, "अर्धीच वाढ. अजून एकदा मागू दे त्याला."