दाजींची तीन पत्रे

कितीतरी पिढ्यांमागची गोष्ट आहे. एका राज्यावर एक राणी फार वर्षे राज्य करीत होती. लढाया नव्हत्या, पिकेपाणी बरे होते, त्यामुळे लोकांना घराच्या भिंती रंगवून घ्यायला सवड होती. साहजिकच त्या राज्यात चितारी उदंड झाले.

त्याच राज्यात एक दफ्तरदार होता. राणीचे कागदपत्र नीट बांधून ठेवणे, हे त्याचे काम. त्याला एक नाद होता. चिताऱ्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली पत्रे तो जमवीत असे. चित्रे नव्हेत, पत्रे.

लोक हसत. तो म्हणे, "हसा खुशाल. चित्र चारचौघांसाठी काढतात, पत्र एकासाठी लिहितात. खरा माणूस पत्रात सापडतो."

बोलणे काही खोटे नव्हते. त्याच्याकडच्या एका पत्रात एक चितारी रंगवाल्यावर कडाडला होता, की हिंगुळात विटेची भुकटी मिसळलीस आणि माझ्या देवीचा शालू पार विटवलास. दुसऱ्याने सासऱ्याकडे कुंचल्यासाठी खारीच्या शेपटीचे केस मागितले होते आणि जाता जाता बायकोची खुशाली विचारली होती. तिसऱ्याने राणीचे नाक लांब काढल्याबद्दल माफी मागता मागता, नाक आहेच लांब, असेही लिहून टाकले होते. ही पत्रे दफ्तरदार तांबड्या रुमालात बांधी आणि मध्ये कडुलिंबाचा पाला घाली. त्याची बायको म्हणायची, "माझ्या लुगड्यांना कसर लागली तर कोणी विचारत नाही, आणि या कागदांचे लाड बघा!"

एवढे करून त्याच्या मनाला एक टोचणी होती. राज्यातला सगळ्यात नावाजलेला चितारी म्हणजे त्याचे सख्खे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान. आई लवकर गेल्यामुळे त्याला अक्कानेच वाढवले होते. पण दाजी पडले लिहायचे आळशी. निरोप द्यायचा तर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडी देत. घरचा एवढा मोठा चितारी, आणि त्याच्याच पत्राची जागा रिकामी! दफ्तरदाराला हे फार लागे.

आणि एक दिवस दाजींचे पत्र आले.

"अक्का आजारी आहे," दाजींनी लिहिले होते. "तिची वाचा गेली आहे. उजवा हात जरासा उचलते आणि दाराकडे दाखवते. तुला नीट कळावे म्हणून तो हात शेजारी काढला आहे. पत्रदेखत निघून येणे."

मजकुराच्या बाजूला अक्काचा हात होता. चार-पाच रेघांतच काढलेला, पण मनगटावरच्या सैल झालेल्या बांगडीसकट.

दफ्तरदाराचे डोळे भरून आले. त्याची माया खोटी नव्हती, हे सांगितले पाहिजे. पण डोळे पुसले आणि तो त्या रेघांकडेच बघत बसला. "अगं, इकडे ये! ही रेघ बघ. कुठे हात उचललेला नाही. एका दमात काढलीय!"

"रेघ कसली बघताय?" बायको म्हणाली. "वन्सं दाराकडे हात करताहेत. गाडी जुंपायला सांगू का?"

"सांग," तो म्हणाला, आणि लगेच म्हणाला, "थांब जरा."

दाजींचे गाव तीन दिवसांच्या वाटेवर होते. तो मनाशी विचार करू लागला. आपण तिथे पोचलो, की दाजी आपल्याला पत्र कशाला लिहितील? समोरच्या माणसाला कोणी पत्र लिहिते का? चार दिवस थांबलो तर दुसरे येईल. उत्तर पाठवले तर दाजी वाट बघत बसतील, पुढचे पत्र लिहिणार नाहीत, म्हणून उत्तरही नको. अक्काचे दुखणे काय, दरवर्षीचेच.

आठ दिवसांनी दुसरे पत्र आले. "आता पाणीही पळीने पाजावे लागते. लवकर ये," एवढेच. चित्र नव्हते. दफ्तरदार खट्टू झाला. बायकोने दशम्या करून गाठोडे दाराशी आणून ठेवले. "आज निघायचं," ती म्हणाली.

"सोमवारी नक्की," तो म्हणाला. पुढच्या पत्रात दाजी पुन्हा काहीतरी काढतील, अशी त्याला आशा होती.

रविवारी हरकारा आला. दफ्तरदाराने पत्र हातात घेतले आणि तो संतापलाच. घडीचा एक कोपरा फाटलेला होता.

"कोपरा कुठे गेला? कोणाचं पत्र आहे हे, ठाऊक आहे का तुला? पत्रं आणतोस की उंदरांना चारतोस?"

हरकारा मान खाली घालून हळूच म्हणाला, "सरकार, वाटंत न्हाई फाटला. लिवणाऱ्यानंच फाडून दिलाय."

त्या राज्यात रीत अशी होती, की मरणाची बातमी असेल तर पत्राचा कोपरा फाडून पाठवायचे. म्हणजे उघडण्याआधीच घेणारा काय ते समजे. असे पत्र वाचायचे आणि फाडून टाकायचे, घरात ठेवायचे नाही. हे शेंबड्या पोरालाही माहीत होते. उभा जन्म कागदांत गेलेल्या दफ्तरदाराला मात्र फाटका कागद तेवढा दिसला.

त्याने पत्र वाचले. ज्याने कधी कपटाही फाडला नव्हता त्याने ते दाजींचे अक्षर आपल्या हाताने फाडले. त्याच घटकेला गाडी जुंपून तो बायकोला घेऊन निघाला.

दाजी अंगणात बसले होते. त्याला पाहताच ते उठले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून लहान मुलासारखे रडले. "तिसरं तरी पोचलं म्हणायचं," ते म्हणाले. "तू वाईट वाटून घेऊ नकोस. मी तिला रोज सांगत होतो, पत्रं वाटेत कुठेतरी अडकली, पोचली असती तर तो धावत आला असता. तिला ते पटलं. शेवटच्या दिवशी मान हलवली तिनं."

दफ्तरदाराने बायकोकडे पाहिले. गप्प राहणे सोपे होते. दाजी आपले राहिले असते, त्यांची मायाही राहिली असती. पण अक्काची समजूत घालायला दाजींनी जे सांगितले, ते खरे म्हणून पदरात घ्यायला त्याचे मन तयार होईना.

"पोचली होती, दाजी," तो म्हणाला. "दोन्ही पोचली होती. वेळेवर."

"मग?"

"मला वाटलं, मी आलो तर तुम्ही लिहायचं थांबाल."

दाजींनी त्याच्या खांद्यावरचा हात काढून घेतला.

"मग आता थांबतो," ते म्हणाले.

त्यानंतर दाजी पुष्कळ वर्षे जगले. त्यांनी पुष्कळ भिंती रंगवल्या, म्हातारपणी लोकांना पत्रेही लिहू लागले. दफ्तरदार दर दिवाळीला त्यांना पत्र पाठवी. त्याला दाजींची ओळही कधी आली नाही.

म्हणून लहानथोरांनी एवढे लक्षात ठेवावे: आपल्या माणसाचे बोलावणे आले, की आधी निघावे, ते किती सुरेख लिहिले आहे, हे वाटेत पाहावे.