साऱ्या राज्याचं रडं रडणारी मांजर

एका राज्यात कुणी म्हणता कुणी रडत नसे. ऐकायला गोड लागतं. पण थांबा जरा. माणसं तिथंही मरत होती, पोरी सासरी जात होत्या, भरल्या घरातले बैल दगावत होते. तरी कुणाच्या डोळ्यांत टिपूस म्हणून येत नसे. सगळ्यांचं ते पाणी एका मांजरीच्या डोळ्यांतून वाहत होतं, आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं.

घडलं होतं असं. तिथला राजा रत्नकेतू. त्याचा एकुलता एक मुलगा दुधाचे दात पडायच्या आत तळ्यात बुडून गेला. राणीवशात आक्रोश उठला, नगरात उठला. राजाला तो सोसवेना. त्यानं कवडीनाथ मांत्रिकाला बोलावून हुकूम केला, माझ्या राज्यात रडं नको. मांत्रिक म्हणाला, "रडं नाहीसं होत नाही महाराज. फार तर दुसऱ्याच्या अंगावर घालता येतं. कुणाच्या घालू?"

राजाच्या पायाशी मुलाची मांजर बसली होती. शेवरीच्या कापसासारखी पांढरी, म्हणून तिचं नाव शेवरी. पोराला शोधून शोधून दमली होती बिचारी. राजानं तिच्याकडं न बघताच बोट केलं. मांत्रिकानं काळ्या दोऱ्याला तीन गाठी मारल्या, दोरा तिच्या गळ्यात बांधला, आणि साऱ्या मुलखाचे डोळे कोरडे झाले.

लोक काय, लोकांना तेच हवं होतं. पुढं पुढं रीतच पडली. घरात मयत झालं की वाटीभर दूध राजवाड्याच्या दाराशी आणून ठेवायचं, हात जोडायचे आणि शेताकडं चालू लागायचं. झालं, सुटलं सुतक. अरे, मुडद्यांनो, त्या जिवाला दूध पचतं की नाही एवढं तरी बघा! शेवरीचं पोट बिघडायचं ते निराळंच.

हे सगळं निस्तरायला ठेवला होता हैबती. हैबती राजाचा जुना माहूत. हत्ती म्हातारे होऊन मेले, हैबती म्हातारा होऊन उरला. तेव्हा त्याच्या हाती ही मांजर दिली. पागेतली माणसं खिदळायची, "काय हैबतीबाबा, अंकुश चालतो का मांजराला?" हैबती म्हणायचा, तुमच्यासाठी राखून ठेवलाय. दाराशी आलेलं दूध तो वाट्यांसकट उकिरड्यावर फेकायचा आणि आणणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा.

पण हात बघावेत त्याचे. हत्तीची सोंड वळवणारे ते राठ हात. पाणी उकळायचा, कोमट होऊ द्यायचा. जुनेराची मऊ फडकी, ह्या डोळ्याचं त्या डोळ्याला लावायचा नाही. वाळलेली चिपडं आधी भिजवायची, मग नाकाकडून कानाकडं हलक्यानं पुसायचं. पाण्यानं गालावरचे केस झडून खाली लाल चरे पडले होते, त्यांवर तुपाचं बोट. शेवरी अंग आकसायची, पण नख बाहेर काढायची नाही. पुसून होतं न होतं तोच डोळे पुन्हा भरायचे. कुठं तरी कुणी तरी मेलेलं असायचं.

मग एका वर्षी सीमेवर लढाई झाली. गावंच्या गावं ओस पडली. तिकडं प्रेतं पडत होती आणि इकडं शेवरीचे डोळे पाटासारखे वाहत होते. लढाई संपली तेव्हा तिच्या डाव्या डोळ्यात फूल पडलं होतं. हैबतीनं डोळ्यापुढं बोट हलवलं. मांजर बघेना.

हैबतीनं तिला झोळीत घातलं आणि तडक मांत्रिकाचा डोंगर चढला.

कवडीनाथ गुहेच्या तोंडाशी कवड्या ओवत बसला होता. हैबतीनं त्याला मनसोक्त शिव्या दिल्या. त्यानं ऐकून घेतल्या. मग शेवरीचा चेहरा हातात धरून पाहिला.

"उजवा डोळा गेला, की गाठी आतड्यात उतरतील," तो म्हणाला. "मग ही वाचायची नाही."

"तू बांधल्यास, तू सोड."

"मला बांधता येतात. सोडायला तीन वस्तू लागतात. खारसरोवरातलं मीठ, दगडी वडावरच्या सोनपिंगळ्याचं पीस, आणि ज्यानं बोट केलं त्याचा एक अश्रू."

"राजा रडेल?"

"पहिल्या दोन वस्तू मिळव. मिठाच्या पाण्यानं डोळे धू, पीस पापण्यांवरून फिरव. मग राजाचं बघ," मांत्रिक म्हणाला, आणि पुन्हा कवड्या ओवू लागला.

खारसरोवराच्या काठी नगाऱ्याएवढ्या फण्याचा नाग मिठावर वेटोळं घालून बसलेला असे. त्यानं राजपुत्र गिळले होते, घोड्यांसकट. हैबती आला तो झोळी सांभाळत, घामानं निथळत, आणि नागाला बघून त्याचं टाळकंच फिरलं. म्हणाला, ह्या एवढ्या मिठाचं तू करतोस काय? भाकरीत घालतोस? हो बाजूला, माझ्या लेकराचा डोळा जातोय. नागापुढं आजवर लोक थरथरले होते, लढले होते, नवस बोलले होते. त्याच्यावर असं कुणी खेकसलं नव्हतं. तो गोंधळला आणि सरकला. हैबतीनं मूठभर मीठ घेतलं. कोमट पाण्यात चिमूटभर विरघळवून शेवरीचे डोळे धुतले. पहिली गाठ सुटली.

दगडी वडाच्या शेंड्यावर सोनपिंगळा बसला होता. तो माणसासारखा बोले, पण फुकट काही देत नसे.

"पिसाच्या बदल्यात तुझं हसू दे," पिंगळा म्हणाला.

"घे. माझ्याकडं ते गंजत पडलंय."

पिंगळ्यानं चोचीनं त्याच्या ओठांवर टोचलं आणि हसू उचललं. खरंच गंजलेलं होतं. पिंगळ्यानं तोंड वाकडं केलं, पण बोलीप्रमाणं पीस टाकलं. हैबतीनं ते शेवरीच्या पापण्यांवरून फिरवलं. दुसरी गाठ सुटली.

आता राहिला राजा. नाग परवडला, पिंगळा परवडला.

दरबार भरला होता. भालदारानं भाला आडवा केला, हैबतीनं तो बाजूला सारला, आणि सिंहासनाच्या पायऱ्या चढून त्यानं मांजर राजाच्या मांडीवर ठेवली. शेजारी कोमट पाण्याचं भांडं ठेवलं, हातात फडकं दिलं. सारा दरबार उभा राहिला.

"पुसा," हैबती म्हणाला.

राजा समोर बघत राहिला. "हैबती, हे तुझं काम आहे."

"माझं काम हत्तीचं होतं. हे तुमचं आहे. पोरगं तुमचं गेलं, रडली ही. एक डोळा गेला हिचा महाराज, आणि तुम्ही अजून हिच्याकडं बघितलं नाही. खाली बघा."

प्रधान म्हणाला, ह्याची जीभ छाटा. राजानं हात वर केला. मग त्यानं खाली बघितलं.

पांढऱ्या अंगाची ती मांजर हाडांचा सापळा झाली होती. गालांवर लाल चरे, एका डोळ्यात फूल, दुसऱ्यात पाणी. राजानं फडकं बुडवलं आणि रगडून पुसलं. हैबती ओरडला, भांडं घासताय का? नाकाकडून कानाकडं, हलक्यानं. राजानं तसं केलं. शेवरीनं मान लांब केली आणि राजाच्या मांडीवर पुढचे पंजे आळीपाळीनं दाबू लागली, कणीक मळावी तशी. रोज झोपण्यापूर्वी ती पोराच्या पोटावर असंच करायची, आणि पोरगं खदखदून हसायचं. राजानं ते दारातून कितीदा पाहिलं होतं.

राजाच्या तोंडून आधी नुसता आवाज निघाला. मग त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि काळ्या दोऱ्यावर पडलं.

तिसरी गाठ सुटली. दोरा गळून खाली पडला आणि त्याची राख झाली.

त्याच क्षणी ज्याचं रडं त्याच्याकडं परत गेलं. प्रधानाला त्याची आई आठवली, भालदाराला लढाईत पडलेला भाऊ. बाजारात दुकानदार तराजू टाकून बसले, विहिरीवर बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. राणीवशाचे दरवाजे उघडले आणि राणी राजाजवळ येऊन बसली. साऱ्या मुलखात आठवडाभर चुली धड पेटल्या नाहीत. मग पेटल्या. लोक एकमेकांच्या दारी भाकरी घेऊन जाऊ लागले.

शेवरीचा उजवा डोळा वाचला. डाव्यातलं फूल गेलं नाही. जादूनं झालं तरी गेलेलं सगळं परत येत नसतं. आणि इतकी वर्षं वाहिलेल्या डोळ्यांची सवय थोडीच मोडते? रोज सकाळी थोडं पाणी येईच. ते राजा स्वतः पुसू लागला. हैबती शेजारी उभा राहून चुका काढायचा. एकदा परमुलखाचा वकील ताटकळून कुरकुरला, दरबार केव्हाचा खोळंबला आहे. राजानं मान वर केली नाही. "बसा," तो म्हणाला. "अजून एक डोळा राहिला आहे."

शेवरीचे डोळे निवले तसे तुमचेआमचे निवोत. आणि जो आपलं ओझं मुक्या जिवावर टाकून वाटीभर दुधावर सुटू पाहील, त्याच्या दातांखाली रोज खडा येवो.