उंबरठ्याच्या वशाची कहाणी

ऐका उंबरठेदेवा, तुमची कहाणी. एक आटपाट नगर होतं, चार वेशींचं. त्या नगरात विणकरांची एक आळी होती. आळीत तानूबाई नावाची एक बाई राहत होती. नवरा मागावर बसे, ती सूत रंगवी. त्यांना एकच लेक, तिचं नाव वेणू. आळीत कुणाचं बोट मागात सापडलं, की वेणू धावत जाई. जखम धुई, हळद भरी, सुताच्या चिंधीनं बांधी. राजाच्या दवाखान्यात मुलींना रोग्यांची शुश्रूषा शिकवीत. वेणू म्हणे, "आई, मला तिथं धाड." आई म्हणे, "धाडीन गं. पण तिथली फी कुठनं आणू?"

एके दिवशी तानूबाई नदीवर सूत धुवायला गेली. तिथं बायका वसा वसत होत्या. तिनं विचारलं, "बायांनो, बायांनो, कसला वसा वसता?"

"उंबरठ्याचा वसतो."

"मला सांगा."

"तुला कशाला? भिडेला बळी पडशील, घेतला वसा मोडशील."

"भिडेला बळी पडणार नाही, घेतला वसा मोडणार नाही."

मग बायकांनी सांगितलं. "श्रावणातल्या शुक्रवारी उंबरठा धुवावा. हळदीकुंकवाची बोटं ओढावी. मग वर्षभर एक नेम पाळावा. घरातलं मोलाचं काही कुणी मागायला आलं, की त्याला उंबऱ्याबाहेर थांबवावं. तीन गोष्टी विचाराव्या. हे कुणाच्या हाती जाणार? परत कधी येणार? नाही आलं, तर मी कुणाच्या दारी जाऊ? उत्तरं सहीशिक्क्यानं मिळाली, तर माणसाला आत घ्यावं, पाटावर बसवावं, मग द्यावं. नाही मिळाली, तर पाणी द्यावं आणि निरोप द्यावा. परका असो, सोयरा असो."

तानूबाई म्हणाली, "आणि त्याला राग आला तर?"

"येऊ दे. रागसुद्धा उत्तरच असतं."

तानूबाईनं वसा घेतला. सुताचा दलाल आला, त्याला विचारलं. तो चिडला, चालता झाला. शेजारच्या आळीला त्यानं बुडवलं, हिची वाचली. रंगाचा व्यापारी आला, त्याला विचारलं. त्यानं चिठ्ठी दिली, रंग वेळेवर आला. सोनाराकडे गेली, त्यालाही विचारलं. त्यानं शिक्का मारून पावती दिली. असं करता करता तानूबाईच्या हातात सोन्याच्या पाटल्या आल्या. ती म्हणाली, "वेणू, ह्या माझ्या नव्हेत. हा तुझा दवाखाना." वेणूनं पाटल्या गोल गोल फिरवून पाहिल्या आणि हसली.

तानूबाईला भाऊ नव्हता. भाऊबिजेला ती अंगणात उभी राही आणि चंद्राला ओवाळी. एका भाऊबिजेला आळीत एक माणूस आला. पांढरा सदरा, गोड बोलणं. नाव श्रीपत. तो म्हणाला, "ताई, चंद्र काही तुझ्या ताटात ओवाळणी घालायचा नाही. मला ओवाळ."

तिनं पाट मांडला, ओवाळलं. त्यानं ताटात रेशमी खण घातला. शेजारच्या अनसूयाकाकूंनी ओवाळलं, त्यांना खण मिळाला. सगळ्या आळीनं ओवाळलं. ज्यांना भाऊ नव्हता त्यांना भाऊ झाला, ज्यांना होता त्या आपल्या भावाला नावं ठेवू लागल्या.

आता त्या आळीची एक रीत होती. ओवाळलेल्या भावाला उंबऱ्यावर थांबवायचं नाही. तो आला की सरळ आत.

श्रीपत संक्रांतीला आला, सरळ आत. पाडव्याला आला, सरळ आत. श्रावणात आला, पाटावर बसला आणि म्हणाला, "ताई, मी भाऊबीज ठेव काढली आहे. बहिणींनी सोनं ठेवायचं, दिवाळीला दीडपट न्यायचं. काकूंना विचार."

काकूंनी नवी जोडवी वाजवून दाखवली. "अगं, मी अंगठी दिली, त्यानं वर ही दिली. तू पाटल्या कवटाळून बस. त्या काय अंडी घालणार आहेत?"

तानूबाईच्या ओठांवर प्रश्न आला. हे कुणाच्या हाती जाणार? तिनं श्रीपतकडे पाहिलं. तो तिनंच केलेली खीर खात होता. प्रश्न तिनं गिळला.

मागावरून नवरा म्हणाला, "विचारलंस का?"

"भावाला विचारतात होय? तुमच्या बहिणीनं कधी तुम्हांला विचारलं?"

"मी तिच्या घरून कधी काही नेलं नाही," नवरा म्हणाला आणि पुन्हा धोटा फेकू लागला.

वेणू दाराशी उभी होती. ती म्हणाली, "आई, तुझा वसा?"

"परक्यांसाठी असतो तो."

मग तिनं पाटल्या काढल्या. घट्ट होत्या, साबण लावून काढल्या. श्रीपतनं त्या रुमालात बांधल्या, वेणूच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "भाची माझी मोठी बाई होणार."

दिवाळी आली. भाऊबीज आली. घरोघरी ताटं तयार झाली, निरांजनं लागली. वाती सरल्या, तुपाचे थेंब गोठले. चंद्र वर आला. भाऊ आला नाही.

बायका म्हणाल्या, "आजारी असेल." मग म्हणाल्या, "अडचणीत असेल." मग काहीच म्हणेनाशा झाल्या. वेणू म्हणाली, "आई, दरबारात जाऊ. दाद मागू." तानूबाई म्हणाली, "भावाची तक्रार करू? लोक हसतील." असं म्हणत श्रावण आला. तेवढ्यात श्रीपत कुठच्या कुठं गेला.

अखेर बायका दरबारात गेल्या. राजानं तानूबाईला विचारलं, "बाई, सोनं कुणाच्या हाती गेलं?" तिला सांगता येईना. "परत कधी येणार होतं? तसं लिहून दिलंय?" तिला दाखवता येईना. "त्याचं दार कुठं?" तानूबाई म्हणाली, "महाराज, तोच आमच्या दारी यायचा."

राजा उठून तिच्याजवळ आला. म्हणाला, "बाई, हे तू त्याला विचारायचंस. ते आज मला तुला विचारावं लागतंय. निदान तो आला नाही, त्या भाऊबिजेला तरी यायचंस."

राजानं स्वार धाडले. श्रीपत सापडला, कैदेत पडला. सोनं वितळून गेलं होतं. काकूंची जोडवीसुद्धा दुसऱ्या कुणा बहिणीचं सोनं विकून आली होती. उरलंसुरलं आळीत वाटलं. तानूबाईच्या वाट्याला नाकातल्या चमकीएवढं आलं. या सगळ्यात वर्षं गेली. दवाखान्यात घेण्याचं वेणूचं वय उलटलं. ती बापाच्या शेजारी मागावर बसली. आईला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती, तर तानूबाईला सोपं गेलं असतं.

तानूबाई नदीवर गेली. म्हणाली, "बायांनो, मी वसा मोडला."

"पुन्हा वस."

"गेलं ते येईल?"

"गेलं ते यायचं नाही. राहिलं ते जायचं नाही."

तिनं पुन्हा वसा घेतला, आणि वेणूलाही दिला.

पुढं एका भाऊबिजेला राजाच्या पेढीचा माणूस आळीत आला. वेणूनं मागावर चार पैसे साठवले होते, ते ठेवायचे होते. तो दाराशी आला. वेणूच्या हातात ओवाळायचं ताट होतं. ती म्हणाली, "दादा, ओवाळते. पण आधी उंबऱ्याबाहेर थांबा."

तानूबाई हातातलं सूत सोडून भिंतीशी येऊन उभी राहिली. वेणूनं विचारलं, "हे कुणाच्या हाती जाणार? परत कधी येणार? नाही आलं, तर मी कुणाच्या दारी जाऊ?"

तो माणूस पायरीवर टेकला. पिशवीतून कागद काढला. पेढीचं नाव दाखवलं, मुदत दाखवली, दाद मागायचं ठिकाण दाखवलं, खाली शिक्का मारला. मग म्हणाला, "बरं केलंत ताई, विचारलंत. बहिणीनं विचारलं म्हणून भाऊ काही तुटत नाही."

मग वेणूनं त्याला आत घेतलं, पाटावर बसवलं, ओवाळलं. वात तशीच तेवत होती, काजळीही धरली नव्हती.

तानूबाई भिंतीला टेकून पाहत होती. ती नवऱ्याला म्हणाली, "त्याला राग आला नाही हो."

नवरा म्हणाला, "नाही आला."

"विचारायला एवढाच वेळ लागतो?"

नवऱ्यानं धोटा खाली ठेवला. तानूबाईनं उंबऱ्यावर डोकं टेकलं. तेवढ्यात शेजारचं पोर रडत आलं, त्याचं बोट कापलं होतं. वेणू ताट ठेवून उठली आणि चिंधी शोधू लागली.

तर उंबरठेदेवा, तानूबाईला जे उशिरा कळलं ते आम्हां ऐकणाऱ्यांना वेळेवर कळो. वेणूला जो धीर दिलात, तो आमच्या लेकीसुनांना द्या. साठ पश्चात्तापांची ही कहाणी, तीन प्रश्नांत सांगितली, ती ऐकणारीच्या घरी सुफळ होवो, संपूर्ण होवो.