समोरच्या दगडावरचा सुपडू

फार वर्षांपूर्वी, निवडणुकीला पेटी लागत नव्हती आणि बोटाला शाई लागत नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. खानदेशात भोरझिरे नावाचं गाव होतं. नदीला दगडी बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट, आणि पाटाच्या दोन्ही अंगांना शेतं. कुणाला पाणी कधी द्यायचं हे पाच पंच ठरवत. दर वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी गाव पाटाच्या तोंडाशी जमे. जुना पंच लोटनबाबा एकेक नाव घेई, लोक माना हलवत, नारळ फुटे आणि गूळ वाटला जाई. कुणाच्या विरोधात कुणी उभं राहत नसे. गावाचं एकमत आहे, असं पंच अभिमानाने सांगत. एकमत होतं, कारण दुसरं मत कुणी विचारलंच नव्हतं. पंच सगळे पाटाच्या तोंडाजवळच्या शेतांचे, आणि पाटाच्या शेपटाकडे उन्हाळ्यात नुसती धूळ उडे.

त्या शेपटाच्या अगदी शेवटच्या शेताचा मालक सुपडू. तोंडाशी पहिलं शेत हिलालचं. गावात मात्र दोघांच्या घरांना भिंत एकच होती.

सुपडू हिलालवर जळायचा. हिलाल शिंकला तर अर्धं गाव विचारायला येई, "जिभाऊ, काढा पाठवू का?" सुपडू तापाने फणफणला तर शेजारणीला ते आठवड्याने कळे. हिलालची म्हैस व्याली की पारडी होई, सुपडूची व्याली की रेडा. हिलालच्या मिशा पिकल्या त्यासुद्धा दोन्हीकडे सारख्या. सुपडूची एकच बाजू पिकली. असं म्हणतात, की हिलालचं नाव निघालं की सुपडूच्या घरातलं दूध फाटायचं, आणि त्याच्या छातीवर पापड ठेवला तर भाजून निघायचा.

एका आखाजीला लोटनबाबाने पंच म्हणून हिलालचं नाव घेतलं. माना हलल्या. तेवढ्यात मागून सुपडू उठला.

"मीही उभा आहे."

"बस खाली, भो," कुणीतरी म्हणालं. "गूळ वाटायचाय."

"उभा म्हणजे पंचाच्या जागेला उभा आहे."

दोघं उभे राहिले तर काय करायचं, हे कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी लोटनबाबाने सांगितलं, हिलालकडचे पाटाच्या त्या काठाला जा, सुपडूकडचे या काठाला थांबा. सगळं गाव त्या काठाला गेलं. सुपडूची बायको गेंदाबाईही गेली. सुपडूच्या काठावर तो एकटा उरला, आणि कुणाची तरी एक म्हैस.

"बाबा, म्हशीचं मत धरायचं का?" पलीकडून आवाज आला. गाव पोट धरून हसलं.

घरी गेल्यावर त्याने बायकोला विचारलं, का गेलीस म्हणून. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "त्या काठाला सावली होती."

दुसऱ्या दिवसापासून सुपडू हिलालच्या मागे लागला. त्याने हे गावाच्या भल्यासाठी केलं, असं पुढे लोक सांगू लागले. ते खोटं आहे. त्याला एवढंच हवं होतं, की हिलालने चोरी करावी, आपण ती पकडावी आणि पंचाची जागा आपल्याला मिळावी. तेव्हा रीत अशी होती, की पंचाचं शेत आधी भिजायचं, आणि भिजून झालं तरी त्याच्या बांधाचं दार उघडंच राहायचं. त्याला चोरी म्हणत नसत, मान म्हणत. सुपडू त्या दारासमोर, पाटाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसला आणि नुसता बघत राहिला.

"काय बघतोस, सुपडूभो?" हिलालने विचारलं.

"पाणी."

"पाणी कधी पाहिलं नाहीस?"

"आमच्या शेतात नाही पाहिलं."

हिलालने मान फिरवली. थोड्या वेळाने उठून दार बंद केलं. पहिलं दार वेळेत बंद झालं, तेव्हा बाकीच्या पंचांनाही आपलं उघडं ठेवायची लाज वाटू लागली. असं म्हणतात, की पुढे पुढे दार लावावंही लागेना. सुपडूची नजर पडली की शेतात वळलेलं जास्तीचं पाणी संकोचायचं, माघारी पाटात यायचं आणि खाली निघून जायचं. त्या उन्हाळ्यात शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचलं. तिकडच्या म्हाताऱ्यांनी ते ओंजळीत घेऊन वास घेतला, की हे खरंच नदीचं ना.

वर्षं गेली. दर आखाजीला सुपडू उभा राही आणि पडे. शेपटाकडची माणसंसुद्धा हिलालच्या काठाला जात. एकदा तो चिडून म्हणाला, "मेल्यांनो, तुमच्या शेतात पाणी कुणामुळे आलं?"

"तुझ्यामुळेच," त्याच्या शेजारच्या शेतातला वेडू म्हणाला. "म्हणून तर. तू पंच झालास तर समोर कोण बसेल?"

हे ऐकून सुपडू असा पेटला, की तो बसायचा तिथलं गवत त्या साली पावसातही वाळलेलंच राहिलं, असं म्हणतात.

मग एक आखाजी अशी आली, की हिलालच थकला. कामाने नाही, त्या नजरेने. घरात जेवतानासुद्धा तो घास हातात धरून मागे वळून बघू लागला होता. लोटनबाबाने काठ वाटून दिले, आणि हिलाल सरळ पाट ओलांडून सुपडूच्या बाजूला येऊन उभा राहिला.

"या वर्षी सुपडूला करा," तो म्हणाला. "मीच सांगतोय."

हिलाल गेला तिकडे गाव गेलं. बघता बघता सगळे सुपडूच्या मागे येऊन थांबले. गेंदाबाईही आली, पदर डोक्यावर ओढून, उन्हात.

जन्मभर हवी होती ती जागा सुपडूला मिळाली होती. आता फक्त हलायचं नव्हतं. पण त्याच्या खांद्याला हिलालचा खांदा लागत होता. हिलाल हसत होता. आणि मागून लोक म्हणत होते, "जिभाऊचं मन केवढं मोठं, बघा." म्हणजे ही जागाही हिलालनेच दिलेली ठरणार होती.

सुपडूने धोतर वर खोचलं आणि पाटात उतरला. त्याच्या पायांभोवती पाण्यातून वाफा निघाल्या, असं म्हणतात. पलीकडच्या रिकाम्या काठावर तो एकटा जाऊन उभा राहिला.

"अरे, तो हिलालचा काठ," लोटनबाबा म्हणाला. "तू निवडून आलायस. इकडे ये."

"तो जिथे असेल तिथे मी नाही," सुपडू म्हणाला. "पंच त्यालाच ठेवा. त्याने दिलेलं मला नको. मी इथूनच बघेन."

त्याने एक दगड ओढला आणि हिलालकडे तोंड करून बसला. या वेळी कुणी हसलं नाही. लोटनबाबाने पंचांचे पाच नारळ फोडले आणि सहावा घेऊन पाट ओलांडला. तो त्याने सुपडूच्या दगडावर फोडला. सगळं गाव तिकडेच बघत होतं. हिलाल पुन्हा पंच झाला, पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. असं म्हणतात, की त्या दिवशी हिलालच्या घरातलं दूध फाटलं.

सुपडू म्हातारपणी त्या दगडावर बसल्या बसल्याच गेला. लोकांनी त्याचे डोळे मिटायचा प्रयत्न केला, ते मिटेनात. शेवटी हिलाल काठी टेकत आला आणि त्याच्या देखत आपल्या शेताचं दार बंद केलं. तेव्हा ते मिटले.

भोरझिऱ्यात अजूनही आखाजीच्या दुसऱ्या दिवशी पाच पंच निवडतात, आणि जो पडेल त्याला समोरच्या दगडावर बसवतात. वर्षभर त्याने पंचांकडे बघत राहायचं. त्याला गावचा सुपडू म्हणतात. आणि विरोधात कुणी उभंच राहिलं नाही, तर पाटाला पाणी सोडत नाहीत. एका साली तसं झालं. पिकं माना टाकू लागली. तालुक्याहून एक साहेब आले आणि म्हणाले, "बिनविरोध झालंय, किती चांगलं. तुमचा सत्कार करू. पाणी सोडा."

"सत्कार राहू द्या, साहेब," लोक म्हणाले. "आधी कुणीतरी उभं राहू दे."

सगळे एकमेकांची तोंडं बघत बसले. शेवटी मागच्या बाजूची एक बाई लुगड्याची माती झटकत उठली.

"मी उभी आहे," ती म्हणाली. "मला त्या पंचाचा नवा फेटा बघवत नाही."

तेवढं कारण गावाला पुरलं. नारळ फुटले आणि पाणी सुटलं.