दारोगाचं पागोटं

राजे वीरधवलांचे सात पांढरेशुभ्र अंगरखे धुवायला गेले आणि त्यातले सहा हिरवे होऊन परत आले. राजांनी झुंबरबाई परटिणीला दरबारात उभं केलं.

"बाई, आमचे अंगरखे शेवाळात आपटलेस की काय?"

"न्हाई म्हाराज, नदीतच धुतले. पर नदीच हिरवी झालीया. तुमच्या रंगाच्या कारखान्यात तांब्याचे पत्रे आंबटात भिजवून हिरवा रंग काढत्यात. त्ये कळकलेलं पानी नदीत सोडत्यात. खालच्या वाडीत मासं मेलं, पोरं ओकत्यात."

राजांनी कारखान्याच्या दारोगाकडे पाहिलं. रायाजी दारोगाची जीभ तुपात घोळलेली.

"महाराज, रोज किती पाणी सोडलं याची दवंडी पिटायचा आपला हुकूम आहे. एक दिवस चुकवला नाही. रोज जेमतेम पसाभर जातं."

"दवंडी पिटत्यात, पर कुटं?" झुंबरबाई म्हणाली. "डोंगरावरच्या गायरानात. ऐकाया निस्त्या शेळ्या!"

दरबारात खसखस पिकली. राजांना मात्र हसू आलं नाही. त्यांचा नवा महाल त्याच रंगानं रंगत होता आणि कारखान्याला नावं ठेवलेली त्यांना खपत नसत.

"दारोगा पसाभर म्हणतो, तू नदीभर म्हणतेस. मग वाहून गेलेलं पाणी मोजून दाखव. कारखान्यात पाऊल टाकायचं नाही, तिथल्या कुणाला विचारायचं नाही. उद्या सकाळपर्यंत जमलं नाही, तर घाट सोडायचा आणि राज्याबाहेर चालतं व्हायचं."

दारोगा मिशीतल्या मिशीत हसला. झुंबरबाई घाबरली, खोटं कशाला सांगा. तिच्या आजेसासूपासून सगळ्यांची भाकरी त्या घाटावर होती. पण परातभर भाकऱ्या थापता थापता तिला जे सुचायचं ते सुचलं.

सकाळी राजवाड्याच्या दारासमोर दोरी बांधलेली होती आणि तिच्यावर ओळीनं, राजवाड्यातून मागून आणलेले तेच सात अंगरखे टांगलेले होते. निम्मं गाव बघायला जमलं होतं. राजे बाहेर आले.

"हे काय?"

"मोजमाप, म्हाराज. रोज एक अंगरखा धुते आन् कोपऱ्यात बिब्ब्यानं वाराचे ठिपके घालते. आयतवारी एक, सोमवारी दोन. ह्यो बघा सोमवारचा, पोपटी. मंगळवारचा त्याहून गडद. बेस्तरवारचा तर पार शेवाळ. म्हंजी पानी रोज सुटतंय, कदी थोडं, कदी बक्कळ."

राजांचं बोट सहा ठिपक्यांच्या अंगरख्यावर थांबलं. तो दुधासारखा पांढरा होता.

"आणि शुक्रवारचा पांढरा कसा?"

"शुक्रवारी दारोगासायबांच्या लेकीचं लगीन व्हतं. कारखाना बंद व्हता. आमीबी जेवून आलो की."

लोक खो खो हसले. दारोगा लालबुंद झाला.

"महाराज, ही सगळी हिची करामत. हिनंच रंग फासलाय!"

"मग असं करू, सायब. तुमचं पांढरं पागोटं काढून द्या. तुमच्याच मानसानं पानी सुटतं तितं बुचकळून आनावं, आन् तुमी ते वल्लंच डोईला बांधावं. पसाभरच तर हाय."

दारोगानं दोन्ही हातांनी पागोटं घट्ट धरलं.

"नको महाराज! डोक्याची सालटी निघतील!"

बोलून गेल्यावर त्यानं जीभ चावली, पण तोवर उशीर झाला होता. राजांनी दोरीकडे पाहिलं, दारोगाकडे पाहिलं आणि ते पोट धरून हसत सुटले. डोळे पुसून त्यांनी हुकूम दिला.

"नदीत थेंबही जाणार नाही अशी सोय होईपर्यंत कारखाना बंद. सुरू झाला की शेळ्यांची दवंडीही बंद. दारोगाचं पागोटं रोज घाटावर धुवायचं आणि ते बांधून त्यानं भर बाजारातून फिरायचं. ज्याला डोळे आहेत त्याला कळेल."

मग ते झुंबरबाईकडे वळले. "घाट तुझ्या घराण्याला कायमचा इनाम. शिवाय एक भरजरी लुगडं. रंग कुठला हवा, बोल."

"कोंचाबी चालंल, म्हाराज," झुंबरबाई म्हणाली. "तेवढा हिरवा सोडून."