नानासाहेबांचा चाळीस फुटी चेहरा

"चाळीस फूट! एक इंच कमी चालणार नाही!" आमदार नानासाहेब ढमढेरे गरजले आणि मोबाईल अंजुम आतारपुढे सरकवला. स्टँडसमोरच्या टपरीत अंजुम फ्लेक्स बनवायची.

मोबाईलवर नखाएवढा फोटो होता. वीस वर्षांपूर्वीचा.

"नवा काढू की, साहेब."

"नव्यात केस येतील का?"

साठाव्या वाढदिवसाच्या बोर्डावर साहेबांना या कडेपासून त्या कडेपर्यंत स्वतःचाच चेहरा हवा होता. वर दीडशे कार्यकर्तेही त्याच बोर्डावर, सगळे एका मापाचे! गेल्या वर्षी एकाचा फोटो बोटभर लहान छापला, तर अख्खी आळी रुसली होती.

"नाही जमलं तर टपरी उचल! कॉलेज सोडलेल्यांनी जागा अडवायची नाही."

"कॉलेज तुमचंच होतं, साहेब. म्हणून तर सोडलं!"

आधीच्या फ्लेक्सवाल्यानं फोटो नुसताच ताणला होता. साहेबांचा भोपळा झाला. दुसऱ्यानं प्रमाण राखलं, पण कडा गुळगुळीत करत मोठा केला. नाक, मिशी, सगळ्याचं पिठलं!

अंजुमनं तिसरी पद्धत धरली. फोटोतला एकेक ठिपका न मिसळता तसाच फुगवला. पडद्यावर नुसते रंगीत चौकोन!

"हा माझा चेहरा? ही तर न्हाणीघराची फरशी आहे!"

"धीर धरा."

तिनं प्रत्येक चौकोनात एकेक कार्यकर्ता बसवला, त्या चौकोनाच्याच रंगात बुडवून. चौकोन हजारो, म्हणून प्रत्येक जण पुन्हा पुन्हा; पण सगळे एका मापाचे, सगळे सारख्याच वेळा.

वाढदिवसाला चौकात बोर्ड चढला. खाली ही झुंबड! "अरे, हा मी!" "मी बघ, साहेबांच्या मिशीत!"

नानासाहेब बोर्डाला नाक लावून उभे. "सगळे आहेत, आणि मी कुठाय?"

"मागे या, साहेब. अजून मागे. रस्ता ओलांडा."

पलीकडे पोचून साहेब वळले, आणि आ वासून बघतच राहिले. चाळीस फुटी नानासाहेब, झुपकेदार केसांसकट!

"पण जवळ गेलो की मी गायब कसा?"

"जवळून माणसं दिसतात ना, साहेब. तुम्ही लांबूनच बरे दिसता. उगाच का पाच-पाच वर्षं इकडे फिरकत नाही?"

सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं. आणि मग नानासाहेब असे हसले, असे हसले, की गळ्यातला हार तुटला!

"टपरी राहू दे! हिला पक्का गाळा द्या रे! आणि पोरी, उद्घाटनाला मी स्वतः येणार!"

"या की, साहेब," अंजुम म्हणाली. "फक्त रस्त्याच्या पलीकडे उभे राहा!"